माझा खड्डा आणि डावी चप्पल

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वळणावर एक खड्डा आहे. आधी तो नुसता खड्डा होता. मी तक्रार केली त्या दिवसापासून तो माझा खड्डा झाला. "आज तुमच्या खड्ड्यात पाणी फार आहे हो," असं लोक मला थांबवून सांगतात, जणू रात्री उठून मीच तो भरून ठेवतो.

गाव लहान असलं की खड्डे सगळ्यांच्या ओळखीचे असतात आणि म्हणूनच त्यांची तक्रार कोणी करत नाही. कुठे डावीकडून काढायची, कुठे गिअर उतरवायचा, हे हातांना पाठ असतं. चुकतो तो परका. वळणावर धाडकन आवाज झाला की आमच्याकडे आतून कुणीतरी म्हणतं, "पाहुणे आले वाटतं."

तरीही मी तक्रार केली, कारण एका अंधाऱ्या रात्री माझ्याच हातांचा पाठ चुकला आणि चार दिवस पाठ धरून बसावं लागलं. फोन लावला.

"ठिकाण सांगा."

"शाळा ओलांडली की वळणावर."

"घर क्रमांक?"

"तिथे घर नाही."

"जवळचा चौक?"

"अहो, रस्ता एकच आहे. चौक कुठून आणू?"

शेवटी एका वाकड्या झाडावर तडजोड झाली. मग प्रश्न आला, "रस्ता कुणाचा?" कर भरतो म्हणून मला तो माझा वाटायचा. तर तसं नव्हतं. मोरीपर्यंत एक कार्यालय, मोरीपुढे दुसरं आणि खड्डा नेमका मोरीवर. दोन्ही कार्यालयांना तो दुसऱ्याच्या हद्दीत दिसे. हद्द न मानणारा गावात तो एकटाच.

अखेर एकाने फोटो मागवला. "आकाराचा अंदाज येईल अशी एखादी वस्तू बाजूला ठेवा." खिशात होता तो मोबाइल फोटो काढण्यात गुंतलेला, म्हणून डावी चप्पल काढून खड्ड्याच्या काठावर ठेवली. फोटो निघाला आणि मागून खडीचा ट्रक आला. मी एका पायावर बाजूला उडी मारली, ट्रक खड्ड्यातून गेला, मी न्हालो. पाहतो तर चप्पल नाही. काठीने ढवळून पाहिलं, बाह्या सरसावून हातही घातला. तेव्हा कळलं की खड्डा वरून दिसतो त्याहून आत मोठा आहे. खालची माती-खडी वाहून गेलेली आणि वर डांबराचा थर पडवीसारखा पुढे आलेला. त्या पडवीखाली चप्पल गेली ती गेलीच.

आठवड्याने उत्तर आलं, "चपलेसंबंधीची तक्रार या विभागाच्या कक्षेत येत नाही."

पुन्हा अर्ज केला आणि वाट पाहण्याच्या त्या काळात मी खड्ड्यांचा अभ्यास केला. रिकामा माणूस आणि दुखरी पाठ, दुसरं काय करणार? डांबराला बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी आत उतरतं, खालचा थर मऊ होतो. प्रत्येक चाक वरून दाबतं आणि तो गाळ भेगेतून पिचकारीसारखा बाहेर उडतो. आत पोकळी होते आणि एक दिवस छप्पर बसतं. थंड मुलखात तर आतलं पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं, तिथे चाकांचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणजे मूळ रोग पाण्याचा. आमच्या रस्त्याकडेचा चर कधीचा बुजलाय, पण त्याची तक्रार करायची माझी छाती नाही. मग तोही माझा होईल.

अभ्यासात एक घबाड मात्र सापडलं. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवले होते. त्यातून ठोकताळा निघाला की चाकांच्या आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण 16 पट होतं. हा कागद घेऊन मी खडीच्या ट्रकवाल्याला गाठलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या सायकलीने किती नुकसान होतं?"

मी हिशोब मांडला. "जवळजवळ शून्य."

"मग तुम्ही रस्ता वापरताय कुठे, काका? तक्रार कशाला करता?"

मधल्या काळात गावानेही आपापले उपचार करून पाहिले. कुणी फुटक्या विटा टाकल्या. त्या चाकांनी दोन दिवसांत चहूकडे उधळल्या. कुणी लाल चिंधी बांधून फांदी रोवली, तिचा पाला शेळ्यांनी खाल्ला. उरलेल्या काडीला लोक आदळायला लागले.

आणि एके सकाळी, भर पावसात, टेम्पो आला! मी छत्री घेऊन धावलो. कडा चौकोनी कापायच्या, गाळ उपसायचा, खड्डा कोरडा करायचा, डांबराचा पातळ हात द्यायचा, मग थराथराने भरून दाबायचं, सगळं मला तोंडपाठ होतं. मुकादमाने माझ्याकडे न बघताच दोन घमेली मिश्रण पाण्यात ओतलं.

"अहो, आधी पाणी तरी काढा!"

"भरलं की पाणी आपोआप निघतं," तो म्हणाला. निघालं खरं, माझ्या पायांवर. मग फावड्याच्या पाठीने चार थापा मारल्या, टेम्पो एकदा पुढे, एकदा मागे, झालं. ते वळणापलीकडे जायच्या आत मोबाइल वाजला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

त्या दिवशी घरात ठराव झाला की उरलेली उजवी चप्पल आता टाकून द्यावी. मी ती माळ्यावर लपवली. चिखल उपसलेला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तीन आठवड्यांनी, एका दणदणीत सरीनंतर, शेजारचं पोरगं ओरडत आलं, "काका, तुमची चप्पल वर आली!"

आली होती. अंगठा शाबूत, पट्टा शाबूत, तळाला डांबराचा एक थर, रस्त्याला नव्हता इतका घट्ट. मी ती धुतली नाही. तशीच काठावर ठेवली आणि फोटो काढला. आकाराच्या अंदाजासाठी काय ठेवायचं, हा प्रश्न या खेपेला पडला नाही. पायात मात्र उजवी होती, आणि ट्रक येतोय का ते आधी पाहून घेतलं.