सिझरच्या टाक्यांची सार्वजनिक निगा

अभिनंदन! तुमची सुटका झाली. बाळंतपणाला सुटका म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नेमकी कुणाची सुटका होते, हे मला अजून कळलेलं नाही. असो. बाळ गोड आहे, नाक वडिलांवर गेलंय, रंगाबद्दल पाहुण्या एकमेकींना खुणा करताहेत आणि तुमच्या ओटीपोटावर चार-पाच इंचांचे आडवे टाके आहेत. त्यांची काळजी कशी घ्यायची, ते घरी सोडताना दिलेल्या कागदावर चार ओळींत लिहिलेलं असतं. जागा कोरडी ठेवा. बाळापेक्षा जड काही उचलू नका. गोळ्या वेळेवर घ्या. ताप आला किंवा पू दिसला तर लगेच या. हा कागद लसीकरणाच्या कार्डामागं घडी घालून ठेवा आणि विसरून जा. चार ओळींत संपणारी गोष्ट असती, तर चुलतसासूबाई सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं कशाला आल्या असत्या?

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. टाके तुमच्या पोटावर असले तरी तुमचे नाहीत. हॉलमधल्या टीव्हीसारखे ते सगळ्या घराचे आहेत. येणारी प्रत्येक बाई विचारते, "टाके सुकले का?" याचं उत्तर द्यायची तसदी तुम्ही घेऊ नका, सासूबाई देतात. "वरून सुकलेत, आतून ओले आहेत." आतलं त्यांना कसं दिसतं, हे विचारायचं नाही.

त्याच्याही आधी येतो तो 'नॉर्मल की सिझर?' सिझर म्हटलं की समोरची बाई 'च्च' करते आणि हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत म्हणते. बाळाचे ठोके कमी झाले होते, वगैरे खुलासे करत बसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आढळली. म्हणजे दर चौथ्या बाळंतिणीच्या उशाशी बसून कुणीतरी हे 'च्च' करत असणार. एवढ्या जणींच्या कळा एकाच वेळी कुठं गेल्या, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

हा आडवा छेद ज्याच्या नावानं ओळखला जातो तो फानेनश्टील नावाचा जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यानं १९०० साली तो मांडला. उभ्या छेदापेक्षा हर्नियाची भीती कमी आणि व्रण कपड्याखाली झाकून जातो, असे त्याचे फायदे. माणूस हुशार असणार, पण त्यानं परकर नेसलेला दिसत नाही. नाहीतर बरोबर नाडीच्या रेषेत छेद घेण्याचं त्याच्या मनात आलं नसतं. तुम्ही नाडी घट्ट आवळा. सैल सोडली की पोट सुटतं, असं सगळ्याच म्हणतात.

आता आहार. पहिला बंद होतो भात. भातानं टाके पिकतात. मग वरण, कारण डाळीनं पू होतो. (पू पिवळा, वरणही पिवळं. यापेक्षा भक्कम पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार?) अंडं उष्ण, मासे उष्ण, पेरू थंड, दही तर विचारूच नका. लिंबू-आवळ्याच्या आंबटानं टाके उसवतात. पाणीही बेतानं, जास्त प्यायलं तर टाक्यांत पाणी धरतं. उरली तुपात बुडवलेली पोळी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. लाडवांविरुद्ध माझी तक्रार नाही, मी दिवसाला तीन खात होते. पण पाणी कमी आणि फळं बंद म्हटल्यावर चौथ्या दिवशी संडासात कुंथताना टाक्यांशी जी ओळख होते, ती तोवर झालेली नसते.

तिकडं शरीराला कातडी सांधायची असते. त्यासाठी ते कोलॅजन नावाचं प्रथिन विणतं. विणायला कच्चा माल म्हणून डाळ, अंडी, मासे यांतली प्रथिनं लागतात आणि वीण पक्की बसायला क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे जे जे लागतं ते ते, एकही न चुकता, बंद. इतका अचूक नेम सहज लागत नाही, त्याला पिढ्यान्पिढ्यांचा सराव लागतो.

आंबट बंद करण्यात केवढी ताकद आहे त्याचा एक दाखला. १७४० साली जॉर्ज अ‍ॅन्सन हा इंग्रज दर्यावर्दी जहाजं घेऊन निघाला. महिनोन्‌महिने ताजं काही पोटात नाही, माणसांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, झाला. त्यांत एक म्हातारा होता, १६९० मध्ये आयर्लंडातल्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेला. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. व्रणाच्या जागी शरीर जन्मभर थोडं उसवत आणि थोडं विणत असतं. क जीवनसत्त्व संपलं की नुसतंच उसवतं. पन्नास वर्षांच्या जखमेची ही कथा, तुमचा तर आज सहावा दिवस आहे. आवळा लांब ठेवा.

सहाव्या दिवशीच मालीशवाल्या मावशी येतात. त्यांच्या हाताखालून अर्ध्या गल्लीची पोरं गेलेली असतात, त्यामुळे 'टाक्यांना हात लावू नका' हे त्यांना सांगणं म्हणजे सोनाराला सोनं शिकवणं. त्या तुमचं पोट 'जाग्यावर बसवतात'. ते उठून कुठं गेलं होतं, कोण जाणे. मग जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं पोट आवळून बांधतात, बाजेखाली शेगडी सरकवतात आणि निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकून धुरी देतात. धुरीनं खोकला येतो. टाके ताजे असताना खोकणं म्हणजे काय, ते मी लिहून सांगू शकत नाही. पोटाशी उशी गच्च धरून खोकलं तर निम्मं सुसह्य होतं, पण ही युक्ती घरात कुणालाच ठाऊक नसते, कारण ती फुकट आहे आणि तिला वास नाही.

शेकाची एक मोठी सोय सांगते. छेद घेताना कातडीतले बारीक मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे टाक्यांच्या भोवतालचा भाग काही महिने बधिर राहतो. काहींचा थोडा कायमचाच राहतो. तेव्हा तव्यावर तापवलेलं फडकं तिथं दाबलं तरी चटका कळत नाही. मावशी विचारतात, "सोसतंय ना?" आपण म्हणतो, "अजून गरम चालेल." त्या खूश, आपण खूश. फोड संध्याकाळी दिसतो.

माझ्या आजीचं वेगळं. वय सत्त्याऐंशी, सगळी हयात गोधड्या शिवण्यात गेलेली. तिनं टाके बघायला मागितले तेव्हा मी मुकाट्यानं परकर सैल केला. तोवर सात-आठ जणींचं बघून झालं होतं आणि लाज दवाखान्यातच राहिली होती. कपाळावरचा चष्मा खाली ओढून ती वाकली आणि बोट न टेकवता हवेतच टाके मोजायला लागली.

"दोरा कुठाय गं?"

"आतून घातलाय आजी. आपोआप विरघळतो."

"म्हणजे तुरपाई केलीय." बराच वेळ निरखून म्हणाली, "हात चांगलाय डॉक्टरणीचा. पण डाव्या अंगाला दोरा जास्त ओढलाय. चुणी पडलीय तिथं."

खरंच पडली होती. मग तिनं परकराची नाडी माझ्या हातातून काढून घेतली, टाक्यांच्या चार बोटं वर सैलसर बांधली आणि सुपारी कातरत बसली. घरातल्या बाकीच्यांना हा उपचार पटला नाही.

नवव्या दिवशी मला ताप आला. ताप आल्यावर काय करायचं, ते नीट लक्षात घ्या. आधी तो दुधाचा ताप असतो. दूध उतरतंय म्हणून अंग तापतं, असं म्हणून एक दिवस काढायचा. दुसऱ्या दिवशी दृष्ट. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून गॅसवर जाळल्या, कुणाला ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती. (खिडकी उघडी होती.) तिसऱ्या दिवशी सकाळी परकराला पिवळट ओला डाग दिसला आणि त्याला वास होता. तेव्हा कुठं कागदावरची चौथी ओळ कुणाला तरी आठवली.

रिक्षावाला तिशीचा असेल. मला चढताना बघूनच म्हणाला, "सिझर ना, ताई? उशी घेतली का?" नव्हती घेतली. त्यानं स्वतःच्या पाठीमागची रेक्झिनची उशी काढून दिली. "पोटाशी दाबून धरा. पुढं तीन स्पीडब्रेकर आहेत, मी सांगतो." आणि तिन्ही वेळा रिक्षा जवळजवळ थांबवून त्यानं सांगितलं. अकरा दिवसांत मला मिळालेला सगळ्यात कामाचा वैद्यकीय सल्ला हा, आणि तो मीटरच्या पैशांत मिळाला.

डावीकडं, आजीच्या चुणीपाशीच, दोन सेंटिमीटर उघडलं होतं. डॉक्टरांनी पू काढला, आत पट्टी भरली, गोळ्या दिल्या. उघडलेला भाग पुन्हा शिवला नाही. तो तळापासून वर भरत येतो, रोज ड्रेसिंग करायचं, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मालीश कुणी केली पोटाला?" सासूबाई म्हणाल्या, "छे, नुसता हात फिरवला." घरी परत येईपर्यंत खरं कारणही सापडलं होतं. सातव्या दिवशी मी चोरून भात खाल्ला होता. हे खरं आहे. चार घास, तूप-मीठ घालून.

दुसऱ्या दिवशी बारसं. ड्रेसिंगसाठी बारसं पुढं ढकलत नाहीत. काठापदराचं नेसा, ड्रेसिंगवरून नाडी बांधा, पाळण्याशी उभ्या राहा आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू झालं की पाळण्याखालून येणारं बाळ वाकून झेला. चेहऱ्यावर हसू ठेवा, फोटो निघताहेत. प्रत्यक्ष हसू नका, दुखतं.

पुढचं झटपट आटोपतं. सव्वा महिना झाला की घराच्या हिशोबात तुम्ही बऱ्या. कातडीचा हिशोब वेगळा असतो. तीन आठवड्यांनी टाक्यांच्या जागेची ताकद मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी असते, तीन महिन्यांनी फार तर ८० टक्के, आणि पुढं ती तिथंच थांबते. लाली उतरून व्रण फिका पडायला वर्ष लागतं, कधी दीड. पण तुम्ही चाळिसाव्या दिवशी वरच्या फळीवरचा गव्हाचा डबा काढायला हरकत नाही. सगळ्याच काढतात.

खाज सुटेल. फणीचा दांडा वापरा, डॉक्टर नको म्हणाले तरी. व्रण जाड होऊन मूळ जखमेच्या बाहेर पसरायला लागला तर त्याला केलॉइड म्हणतात. जखम पूर्ण मिटल्यावर त्यावर सिलिकॉनची पट्टी महिनोन्‌महिने लावायचा उपाय आहे. शेजारच्या काकूंकडं मात्र बिब्ब्याचं तेल आहे. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचे, कितीही धुतली तरी ती जायची नाही. कातडीवर तर तो भाजल्यासारखा उततो. व्रण घालवायला याहून पक्कं काय असणार? त्यावर तो दिसतच नाही.

हे सगळं पार पडलं की तुम्ही अनुभवी होता. मीही झाले. परवा नणंदेच्या जावेचं सिझर झालं म्हणून शहाळी घेऊन भेटायला गेले. ती कुशीवर वळून, कोपरावर जोर देत, चहा टाकायला उठत होती. मी तिला बस म्हटलं. पोटाशी उशी धर, पाणी भरपूर पी, वरण-भात पोटभर खा, डॉक्टर सांगतील तेवढंच कर, हे सगळं अगदी तोंडावर आलेलं होतं. खुर्ची पुढं ओढून बसले आणि म्हणाले, "दाखव बघू टाके."