मोठं जहाज, भरपूर तोफा आणि एक फुसका सल्ला

‘सिड मायर्स पायरेट्स!’ या कॅरिबियनमधल्या चाचेगिरीच्या संगणक-खेळाची २००४ची आवृत्ती लोक अजून खेळतात, आणि नव्याने खेळायला बसलेल्या माणसाला अजूनही पहिला सल्ला मिळतो तो हाच: लवकरात लवकर मोठं जहाज पटकवा, ते तोफांनी आणि माणसांनी ठासून भरा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा जिकडून येतो त्या बाजूला) राहा आणि समोरचा बुडेपर्यंत गोळे झाडत सुटा. वर पुरवणी अशी, की खरे चाचेही असेच लढायचे. शिडं कधी गुंडाळायची, कुठला गोळा कधी भरायचा ही चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग.

हा सल्ला मी स्वतः पाळलेला आहे, तोही बरेच दिवस. त्यामुळे तो इतका का पसरतो ते मला कळतं. खेळात पाच पातळ्या आहेत आणि सगळ्यात खालच्या, अप्रेंटिस पातळीवर तो चालतो. तिथे काहीही चालतं. ‘रोग’ (Rogue) आणि ‘स्वॉशबकलर’ या वरच्या पातळ्यांवर गेलं की त्याचं पितळ उघडं पडतं, आणि सल्ला देणारे बहुतेक जण तिथवर गेलेले नसतात असा माझा संशय आहे.

‘जास्त तोफा म्हणजे जास्त मारा’

खेळात तोफा जहाजाच्या दोन कुशींना असतात. पुढे नाहीत, मागे नाहीत. चाळीस तोफांचं जहाज एका वेळी वीसच तोफा डागू शकतं, आणि त्या वीसही शत्रू कुशीच्या समोर आला तरच. तो तुमच्या नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, किंवा पिछाडीला जाऊन बसला, तर चाळीसच्या चाळीस तोफा नुसतं ओझं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणजे खरी मेख वळण्यात आहे. शिप ऑफ द लाइन हे खेळातलं सगळ्यात दांडगं लढाऊ जहाज, पण ते वळायला घ्यावं तर तेवढ्यात स्लूप, म्हणजे लहान चपळ नौका, अर्धी प्रदक्षिणा घालून मोकळी होते. माझं पहिलं शिप ऑफ द लाइन मी असंच घालवलं. समोर एक स्लूप होती, तिची मला कीव आली होती. मी सरबत्ती केली; गोळे हवेतून येताना दिसतात, तिने ते येताहेत म्हणताच नाळ थेट माझ्याकडे केली आणि निम्म्याहून जास्त गोळे तिच्या दोन्ही अंगांनी पाण्यात गेले. नाळ समोर असलेलं गलबत म्हणजे तुमच्या गोलंदाजांपुढे एक उभी रेघ. कूस दाखवणारं गलबत म्हणजे भिंत. माझ्या तोफा पुन्हा भरेपर्यंत ती वळली, एक फैर झाडली आणि परत नाळ केली. असं सात-आठ वेळा. मी रागाने पूर्ण शिडं ताणून तिच्या अंगावर जायला बघत होतो, आणि त्यानेच माझं वळण आणखी लांबत होतं.

इथे शिडांचा मुद्दा येतो, तो रिकामटेकड्यांचा नाही. शिडं आवरून घेतली की वेग उतरतो, पण वळण आवळतं आणि शिडांना मारही कमी बसतो. पाठलागात शिडं पूर्ण, झोंबाझोंबीत आवरलेली, आणि निसटायची वेळ आली की पुन्हा पूर्ण. एका लढाईत हे चार-पाचदा करावं लागतं. जो एकदा शिडं सोडतो आणि विसरतो, तो लांबून गोळे खातो किंवा जवळून.

आणि तोफा भरायला माणसं लागतात. छर्ऱ्यांनी माणसं कमी केली की मोठ्या जहाजाची दुसरी फैर यायला उशीर होतो, तिसरीला त्याहून. तोफा तितक्याच, हात कमी. बडा घर, पोकळ वासा.

‘वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहिलं की झालं’

या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो जास्त घोळ घालतो. शिडांच्या काळातल्या आरमारांना वरचं अंग हवं असे, कारण वाऱ्याच्या दिशेने खाली उतरणं सोपं आणि वर चढणं कष्टाचं. वर असलेला ठरवतो की लढाई कधी सुरू करायची. तोफांचा धूरही खालच्याच्या तोंडावर जातो.

आता दुसरी बाजू. वाऱ्याने गलबत खालच्या अंगाला कलतं. वर असलेल्या जहाजाची शत्रूकडची कूस म्हणजे नेमकी कललेली कूस, पाण्याजवळची. दर्या खवळलेला असेल तर खालच्या मजल्याच्या तोफांची झडप उघडणं म्हणजे समुद्राला आत बोलावणं. २० नोव्हेंबर १७५९ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कीबेरॉनच्या उपसागरात ‘तेझे’ या फ्रेंच जहाजाने वादळात खालच्या झडपा उघडल्या, पाणी आत घुसलं आणि ते बुडालं. शिवाय खालच्या अंगाला असलेल्याला मार बसला तर तो वाऱ्याबरोबर सहज निघून जातो. वरच्याला माघार घ्यायची तर ती शत्रूच्या दिशेनेच असते किंवा वाऱ्यावर चढून.

आणि वारा बदलतो, हे तर सल्ला देणाऱ्यांच्या गावीच नसतं. कॅरिबियनमधलंच उदाहरण घ्या, खेळातल्या काळाच्या शंभरेक वर्षं पुढचं. १२ एप्रिल १७८२, डोमिनिका आणि ग्वाडेलूपच्या मधली सेंट्स बेटं. फ्रेंच दर्यासारंग द ग्रास वाऱ्याच्या वर, इंग्रजांचा रॉडनी खाली. दोन्ही रांगा एकमेकींना विरुद्ध दिशेने घासून जात होत्या. मध्येच वारा दक्षिणेकडे सरकला, फ्रेंचांची रांग विस्कटली, भगदाडं पडली आणि रॉडनी त्यांतून आरपार गेला. संध्याकाळपर्यंत द ग्रास कैदेत होता. वरचं अंग त्याच्याकडेच होतं.

खेळात याहून सोपी गोष्ट बघायची असते: तुमच्या गलबताला कुठल्या कोनात वारा आवडतो आणि समोरच्याला कुठल्या कोनात आवडत नाही. डोलकाठीला आडवी, चौकोनी शिडं लावलेलं जहाज वाऱ्याच्या दिशेच्या साधारण ६७ अंशांहून जवळ जाऊ शकत नाही. उभ्या, तिरप्या शिडांची स्लूप पन्नास-पंचावन्नापर्यंत, चांगल्या हाताखाली त्याहूनही जवळ जाते. खेळाने हा फरक प्रामाणिकपणे ठेवला आहे. म्हणून फ्रिगेट, म्हणजे चौकोनी शिडांची मोठी युद्धनौका, मागे लागली की स्लूपने वाऱ्याबरोबर पळायचं नसतं; तिथे फ्रिगेटची शिडं फुगतात आणि ती तुम्हाला गाठते. वाऱ्याच्या तोंडावर जायचं. फ्रिगेट तिथे धडपडते, वेग गमावते, आणि मग तुम्ही वळून तिच्या पिछाडीला येता. लढाईच्या सुरुवातीला तुम्ही खाली असलात तरी हे जमतं.

नकाशावरही तेच. कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, खेळातही. पश्चिमेला जाताना मोठ्या जहाजांचा ताफा मजेत जातो. पूर्वेच्या टोकाला असलेल्या बार्बाडोसकडे परतायचं म्हटलं की दिवसच्या दिवस जातात, कारण ताफा त्यातल्या सगळ्यात मंद गलबताच्या चालीने चालतो. दरम्यान माणसं खातात आणि कुरकुरतात.

‘बुडेपर्यंत गोळे मारा’

बुडालेल्या जहाजावरचा माल मासे वापरतात. मुद्दा इतकाच आहे, पण गोळ्यांबद्दल थोडं सांगतो.

साधा गोळा लांब जातो, लाकूड फोडतो आणि तोफा निकामी करतो. साखळीचा गोळा, चेन शॉट, शिडं आणि डोलकाठ्या फाडतो. छर्रे, म्हणजे ग्रेप शॉट, माणसं टिपतात, पण फार जवळून. शेवटचे दोन मुळात आपल्याकडे नसतात. बंदरातल्या जहाज बांधणाऱ्याकडून बसवून घ्यावे लागतात, आणि ‘मोठं जहाज घ्या’वाले नेमका हाच खर्च टाळून पैसे साठवत बसतात.

पण म्हणून ‘आधी साखळी, मग छर्रे, मग चढाई (म्हणजे शत्रूच्या जहाजावर चढून लढणं)’ हा उलटा पाठही घोकू नका. तोही हल्ली फार फिरतो. पळणाऱ्या व्यापारी जहाजावर साखळी ठीक. तुमच्यावरच चालून येणाऱ्या युद्धनौकेची शिडं कशाला फाडायची? ती येतेच आहे. तिच्यावर लांबून एक-दोन फैरी साध्या गोळ्यांच्या, म्हणजे तिच्या तोफा कमी होतील, मग जवळ आल्यावर छर्रे. आणि व्यापारी जहाजाची शिडं चिंध्या होईस्तोवर फाडली, तर तेच लंगडं जहाज पुढे तुमच्या ताफ्यात येऊन सगळ्यांना मागे ओढतं, विकताना भावही पाडतं. दोन फैरी, वेग उतरला की थांबायचं.

‘माणसं जितकी जास्त तितकं बरं’

चढाईपुरतं खरं. कॅप्टनशी तलवारबाजी चालू असते तेव्हा मागे दोन्हीकडची माणसं लढत असतात, आणि संख्या कमी पडली की डाव अंगावर येतो. पण लुटीचा वाटा माणसांच्या संख्येने भागला जातो. माणशी सोनं कमी झालं की चेहरे उतरतात, मग बंदरागणिक लोक पळतात. गलबताला पुरतील तेवढी माणसं आणि चढाईपुरती वरकड. बास.

‘खरे चाचेही असेच लढायचे’

हा माझा आवडता दावा, कारण तो करणारा बहुधा अठराव्या शतकातल्या ब्लॅकबिअर्ड या नामचीन चाच्याचं नाव घेतो. (खेळ १६०० ते १६८० मधल्या पाचांपैकी एका वर्षी सुरू होतो, तरी त्यात ब्लॅकबिअर्डही भेटतो आणि एकोणिसाव्या शतकातला जाँ लाफितही. ते चालायचंच.)

तर ब्लॅकबिअर्ड. त्याने नोव्हेंबर १७१७मध्ये ‘ला काँकॉर्द’ हे गुलामांची ने-आण करणारं फ्रेंच जहाज पकडलं, त्याचं नाव ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ ठेवलं आणि त्यावर चाळीसच्या घरात तोफा चढवल्या. ते मोठं जहाज त्याच्याकडे किती टिकलं? सातेक महिने. जून १७१८मध्ये ते उत्तर कॅरोलायनात खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. त्याने ते मुद्दाम रुतवलं असंही काही जण मानतात. तसं असेल तर मोठ्या जहाजाबद्दल त्याचं मत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २२ नोव्हेंबर १७१८, ओक्राकोक बेटाजवळ. ब्लॅकबिअर्ड ‘अ‍ॅडव्हेंचर’ या स्लूपवर, तोफांसकट. त्याच्यावर आला ब्रिटिश आरमारातला लेफ्टनंट मेनार्ड, व्हर्जिनियाच्या गव्हर्नर स्पॉट्सवुडने पाठवलेल्या दोन भाड्याच्या स्लूप घेऊन. त्यांच्यावर एकही तोफ नव्हती. बंदुका, पिस्तुलं, तलवारी, बस्स. ब्लॅकबिअर्डच्या एका सरबत्तीने मेनार्डची बरीच माणसं पडली. मेनार्डने उरलेल्यांना खाली तळघरात लपवलं. डेक जवळजवळ रिकामा बघून ब्लॅकबिअर्डला वाटलं, संपले. तो साथीदारांसह चढून आला आणि खालून माणसं बाहेर पडली. तोफांच्या हिशोबाने ही लढाई कधीच हरायला नको होती, आणि तो तिथेच मेला.

उलट बाजूचं उदाहरणही देतो, नाहीतर सोयीचं तेवढं वेचलं असं म्हणाल. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या दुसऱ्या नामवंत चाच्याला १० फेब्रुवारी १७२२ला आफ्रिकेच्या केप लोपेझजवळ ‘स्वॅलो’ या ब्रिटिश युद्धनौकेने संपवलं, आणि ती त्याच्या जहाजापेक्षा भारीच होती. पण ती थेट अंगावर गेली नव्हती. पाच दिवस आधी एक उथळ जागा टाळायला ती वळली, चाच्यांना वाटलं कुणी व्यापारी घाबरून पळतोय, आणि त्यांनी आपलं ‘रेंजर’ हे दुसरं जहाज तिच्या मागे सोडलं. ‘स्वॅलो’चा कॅप्टन ओगल तसाच पळत राहिला. तोफांचा आवाज बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं दूर गेल्यावर तो वळला आणि त्याने ‘रेंजर’ काबीज केलं. मग सावकाश परत येऊन रॉबर्ट्सला गाठलं. रॉबर्ट्स ज्याने मेला ते छर्रे होते.

आणि या नामवंतांना सोडून बाकीचे चाचे? त्यांची आवड स्लूपच होती: वेगवान, उथळ पाण्यात शिरणारी, वाऱ्यावर चढणारी. त्यांना लढाई नकोच असायची. झेंडा बघून समोरच्याने शिडं उतरवली, की माल शाबूत, जहाज शाबूत.

एका कामात मात्र मोठ्या जहाजाला तोड नाही. शहरावर हल्ला करायचा असेल तर शेकडो माणसं किनाऱ्यावर उतरवावी लागतात आणि ती स्लूपमध्ये मावत नाहीत. म्हणून माझ्या ताफ्यात अजून एक शिप ऑफ द लाइन आहे. लढाई लागली की ते बाजूला उभं असतं, एरवी त्यात साखर भरलेली असते.