ट्रम्प, जपानचं सोयाबीन आणि बाळ्याची चाळ

काल कट्ट्यावर विषय निघाला ट्रम्पवरून आणि पोचला बाळ्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या. मध्ये तीन राऊंड कटिंग, पाऊस होता म्हणून भजी, आणि बऱ्याच शिव्या, त्या गाळून लिहितोय.

सुरुवात पक्याने केली. पक्या न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरचे कागद करतो, त्यामुळे जगाचा व्यापार आपणच चालवतो असा त्याचा समज आहे. म्हणे, काय राव, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ७ तारखेला ट्रम्पने आपल्या मालावर २५ टक्के आयात शुल्क लावलं, २७ ला रशियन तेलाच्या नावाने अजून २५, झाले ५०, गिऱ्हाईक फोनच उचलेना, ऑर्डर घेताना एक रेट आणि माल पोचेपर्यंत दुसराच, असा कुठला देश वागतो का?

"वागतो की," बाळ्या म्हणाला. "आपला."

बाळ्या निफाडकडचा. एरवी गप्प असतो, पण कांदा म्हटलं की त्याला तारखा पाठ. २०२३ चा ऑगस्ट, १९ तारीख, शनिवार, ४० टक्के निर्यात शुल्क. सोमवारी लासलगावला लिलाव बंद. ऑक्टोबर संपता संपता टनाला किमान ८०० डॉलर, म्हणजे किलोला सासष्ट-सदुसष्ट रुपयांच्या खाली कांदा देशाबाहेर पाठवायचाच नाही. ८ डिसेंबरला सरळ बंदी. मार्च अखेरपर्यंत म्हणाले, मार्च आला तर म्हणे पुढेही चालू, उठवली ४ मेला, ती पण ५५० डॉलरची अट आणि तेच ४० टक्के ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

"ट्रम्प दुसऱ्याच्या मालाला अडवतो," बाळ्या म्हणाला, "आपल्याकडं आपल्याच मालाला अडवतात. आणि कांदा काय एफडी आहे का, ठेवला म्हणून वाढेल? चाळीत हात घाल, खालचा थर ओला लागतो. कोंब आलेला वेगळा, काजळी म्हणजे काळी बुरशी धरलेला वेगळा, आई दिवसभर निवडत बसते. जितकं थांबाल तितकं वजन कमी."

संद्या एमपीएससीचे क्लास घेतो, त्याला दुसरी बाजू मांडल्याशिवाय चहा उतरत नाही. म्हणाला, ऐंशी रुपये किलो झाला की खाणाऱ्याने काय करायचं, १९९८ ला दिल्लीत कांद्याने सत्ता घालवली, ते कुठलं सरकार विसरेल? आणि बाळ्या, वर भाव गेला की तुला खुला बाजार पाहिजे आणि पडला की सरकारसाठी कांदा विकत घेणारं नाफेड पाहिजे, हे कसं? २४१० रुपये क्विंटलने खरेदी काढली तेव्हा कोण म्हणालं आम्हाला नको?

"पाहिजेच ना! बाहेरचं दार तुम्ही लावलं, मग आतल्या दाराशी लाईन लागणारच."

इथे मला बाळ्याचं पूर्ण पटत नाही. नाफेड पण हवं आणि मोकळीक पण हवी यात थोडी लबाडी आहेच, पण ती कारखानदारापासून सगळेच करतात. त्याचा खरा मुद्दा पक्याने उचलला, तो म्हणजे गिऱ्हाईक. भारताने २०१९ ला कांदा निर्यातीवर बंदी घातली तेव्हा बांगलादेशच्या त्यावेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला सांगितलंय कांदा बंद कर, आणि जरा आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. आपण हसलो. त्यांनी विमानाने कांदा मागवला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात आपण परत बंदी घातली. एकदा असा दणका बसला की माणूस दुसरा दुकानदार शोधतो, स्वतः पिकवायला लागतो, मग तुम्ही कितीही सवलत द्या.

मग संद्याने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. १९७३ च्या जूनमध्ये घरात महागाई झाली म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सोयाबीनची निर्यात अडवली. काही महिन्यांचाच प्रकार, पण जपानचं अख्खं टोफू-सोया सॉस अमेरिकन सोयाबीनवर. जपान घाबरला आणि पुढे ब्राझीलच्या सेराडो माळावर पैसा ओतला. आज सोयाबीन निर्यातीत ब्राझील एक नंबर. २०२५ ला चीन ट्रम्पवर चिडला आणि कित्येक महिने अमेरिकेचं सोयाबीन घेतलंच नाही, कारण ब्राझील होताच ना तयार.

"म्हणजे बाळ्या, तुझा ब्राझील कोण?" पक्या म्हणाला. बाळ्याला हसू आलं नाही.

मी पण माझं घुसवलं, माझी सासुरवाडी यवतमाळची. ट्रम्पच्या ५० टक्क्यांनी कापडवाले अडचणीत आले म्हणून आपण १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि सासऱ्यांच्या कापसाचा भाव बसला, त्यांनी अमेरिकेला कधी एक गाठ विकली नव्हती.

"मग डब्ल्यूटीओ, ती जागतिक व्यापार संघटना, कशाला आहे?" असं कुणीतरी म्हणालंच. संद्या म्हणाला तिथं अंपायरच नाही. अपिलाच्या खंडपीठात सात जागा, एक केस ऐकायला तीन माणसं लागतात, अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या आणि २०१९ च्या डिसेंबरपासून ते बंद. हरलात की अपील ठोका, केस लटकली. "आणि लगेच अमेरिकेला शिव्या घालू नका, साखरेच्या अनुदानावर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमालाने आपल्यावर केस केली, २०२१ ला निकाल विरोधात गेला, आपण अपील करून मोकळे."

"बरं झालं," बाळ्या म्हणाला, "मामाचा ऊस आहे." यावर सगळे फुटले.

तेवढ्यात त्याच्या बाबांचा फोन. स्पीकरवरच होता. उद्या ट्रॉली भरायची का अजून पंधरा दिवस थांबायचं, आडत्या म्हणतो थांबा. पक्या म्हणाला काढून टाक, संद्या म्हणाला निवडणूक कधी आहे ते बघ आधी, मी म्हटलं अर्धा काढ. बाबा पलीकडून म्हणाले, "तिथं कोण कोण बसलंय रे?"