दहा रुपयांत किती बोलता येतं?

गेल्या रविवारी भावाकडे गेले तर फ्रिजवर श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. मला वाटलं, पोरीची बचत. तर तो दंडाचा डबा निघाला! घरात तोंडातून मराठी शब्द निघाला की पाच रुपये. वहिनीला ही अक्कल दिली व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजनं: ‘३० दिवसांत तुमचं मूल फाडफाड इंग्रजी बोलेल’. त्याखाली सहा नियम आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेलाय. मी मराठी शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवते, म्हणून तिसऱ्यांदा पाठवणाऱ्यानं ‘ताई, तुमचं मत?’ असंही विचारलं. घ्या मत.

पहिला नियम, घरात मराठी पूर्ण बंद. बाकीचे बहुतेक नियम नुसते फोल आहेत, हा अपाय करणारा आहे. भाची चौथीत. एरवी बूट काढायच्या आत शाळेतला सगळा दिवस सांगून मोकळी होते. परवा जेवताना आमटीकडे बोट दाखवून म्हणाली, “दिस. मोर.” बस्स. आजीशी तर बोलणंच खुंटलंय, आजी आपली ‘येस येस’ करत बसते. दुपारी पोरगी दहाचं नाणं घेऊन आली, डब्यात टाकलं आणि कानाशी येऊन विचारते, “आत्या, दहा रुपयांत किती बोलता येतं गं?” मग मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगितलं. आधी काय झालं, मग ती काय म्हणाली, मग ही का रडली, सगळं ओळीनं. ही जी सांगण्याची रीत आहे ना, ती मराठीत एकदा बसली की इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही, फक्त शब्द लागतात. आणि आपण तीच बंद करायला निघालोय.

‘पण मराठी चालू ठेवली तर इंग्रजी येणार कशी?’ हे आपल्याच देशात करून पाहिलेलं आहे. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. मुलांना इंग्रजी ‘शिकवायचं’ नाही, इंग्रजीतून सोडवायचं काम द्यायचं. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, असलं काहीतरी. मूल मध्येच आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा नाही, उत्तर बरोबर आलं की झालं. चूक झाली तर शिक्षक बोलता बोलता बरोबर रूप वापरून पुढे जात. तो काही स्पीकिंगचा क्लास नव्हता आणि १९८५मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी केलेलं त्याचं मूल्यमापनही हात राखूनच अनुकूल होतं, हे सांगायला हवं. पण दंडाचा डबा कुठं नव्हता.

यातच तिसऱ्या नियमाचंही उत्तर आहे: ‘चूक झाली की तिथल्या तिथे थांबवा’. थांबवा, म्हणजे पोर कायमचंच थांबेल. मी त्याच दुपारी भाचीला विचारलं, आजीला मिरजेहून पुण्याला डॉक्टरकडे जायचंय, बाराच्या आत पोचायचंय, गाडी कोणती? मोबाइलवर वेळा काढून दिल्या. “कोयना नो. इट कम लेट.” मी म्हटलं, “ओह, इट कम्स लेट? देन?” “महालक्ष्मी कम्स नाइट. आजी स्लीपिंग!” ‘कम्स’ तिचं तिनं उचललं. वाक्य मोडकंच होतं, पण दोन दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून इंग्रजी बोलली होती.

दुसरा नियम, मनातही मराठी नको. मनात कोण डोकावणार आहे? सोडून देऊ.

चौथा, ‘व्याकरण फेकून द्या, बाळ कुठं व्याकरण शिकतं?’ बाळ जागं असेल तेवढा वेळ, वर्षानुवर्षं, माणसांत राहून भाषा ऐकतं. तुम्ही रोज अर्धा तास देणार, म्हणजे ३० दिवसांत १५ तास. हिशेब करा.

आरशासमोर बोला, असा पाचवा. बोला की. पण आरसा ‘म्हणजे काय?’ असं विचारत नाही. समोरच्याला आपलं कळलं नाही म्हणून तेच दुसऱ्या शब्दांत सांगायची धडपड, बोलणं त्यात येतं. आणि सहावा, इंग्रजांसारखे उच्चार. आमच्या मुलांचं बोलणं समोरच्याला नीट कळलं, तरी मी पेढे वाटीन.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. बोलल्याशिवाय बोलता येत नाही, हे त्या मेसेजचं म्हणणं खरं आहे, आणि आमच्या वर्गांत मुलं बोलत नाहीत हेही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीला १०० पैकी ८० गुण लेखी, २० तोंडी. त्या २०साठी मुलं ‘माय फेवरिट फेस्टिव्हल’ पाठ करून येतात, आम्ही मान डोलावून गुण देतो. मीही दिलेत. साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, हे कारण आहे. सबब म्हणा हवं तर.

वहिनीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “आता बारा दिवस झालेच आहेत ताई, तीस होऊ देत,” म्हणाली. डबा फ्रिजवरच आहे. मी निघताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाच-पाचची शंभर नाणी आणून आजीच्या हातात ठेवली.