राईनपाड्यात आपली बाजू कोणती?

२०२५ च्या सप्टेंबरात एसटी (अनुसूचित जमाती) आरक्षणासाठी बंजारा समाजाचे मोर्चे निघाले आणि त्याला उत्तर म्हणून आदिवासींचे निघाले. त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या एका ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते मी अजून विसरलेले नाही. दर ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमाती कायदा संपल्याच्या आठवणीतल्या विमुक्त दिनाच्या पंगतीत शेजारी बसणारी माणसं एकमेकांना ‘घुसखोर’ आणि ‘खाऊन माजलेले’ म्हणत होती. मी तेव्हा गप्प बसले. आज लिहिते, राईनपाड्यात झुंडीने मारलेल्या पाच भटक्यांची आठवण घेऊन. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

कोण कुठल्या प्रवर्गाच्या यादीत, हा वाद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मी कैकाडी. सोलापुरात आम्ही विमुक्त जाती, अमरावतीकडचे आमचेच पाव्हणे अनुसूचित जाती. लग्नात एकाच मांडवात दोन प्रवर्ग जेवतात. बंजारा तेलंगणात एसटी, कर्नाटकात एससी, इथे विमुक्त जाती. ज्याच्या पोराची नोकरी त्या रकान्यावर अडली आहे तो चिडणारच. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. रकान्यासाठी आपण लाखांनी रस्त्यावर उतरतो आणि आपल्यातला कोणी मारला गेला की चार माणसं पोलीस ठाण्याबाहेर उभी असतात. तीही त्याच जातीची.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या पावसाळ्यात घराघरात पोचले होते. भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना लोकांनी धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. म्हणजे आमच्या शेजारचे. आमच्याकडे त्या आठवड्यात कुठल्याच पालात चूल पेटवावीशी वाटली नाही.

मारणारे कोण होते? आदिवासी. तिथे कुणी पाटील नव्हता, देशमुख नव्हता. म्हणून आपली नेहमीची भाषणं राईनपाड्यात चालत नाहीत. ‘बहुजनांनो एक व्हा’ म्हणून माइक हातात घेतला तर समोर दोन्हीकडे बहुजनच बसलेत, एकाच्या अंगावर दुसऱ्याचं रक्त आहे. मग आपल्या पुढाऱ्यांनी सोपा मार्ग काढला. काहींनी फक्त व्हॉट्सअ‍ॅपला शिव्या दिल्या, काहींनी फक्त सरकारला.

त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला झुंडबळींबाबत निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात पुन्हा तेच, तीन माणसं गेली. राईनपाड्याचा निकाल २०२४ मध्ये लागला, सात जणांना जन्मठेप झाली. शिक्षा झाली हे बरंच झालं. पण डवरी गोसावी आणि साक्रीचे आदिवासी एका सतरंजीवर बसलेत असं काही माझ्या बघण्यात आलं नाही.

पाड्याला भीती का वाटली असेल? जिथे पोलीस चौकी लांब, पोरं आश्रमशाळेत, आई-बाप वर्षातले सहा महिने उसाच्या फडावर नाहीतर वीटभट्टीवर, तिथे ‘पोर नेलं’ ही बातमी खोटी वाटतच नाही. कारण सांगतेय, माफी मागत नाहीये. आणि भगव्या कपड्यातल्या, वेगळी मराठी बोलणाऱ्या अनोळखी माणसाकडे संशयाने बघायला या देशाने शंभर-दीडशे वर्षं सगळ्यांना शिकवलंय. माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. ‘तारेच्या आत’ असंच ती म्हणायची. गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरलेली माणसं, सकाळी हजेरी, गिरणीत काम, संध्याकाळी परत हजेरी. १८७१ साली आलेला तो कायदा १९५२ मध्ये गेला. तार निघाली, नजर राहिली.

कायद्याचंही बघा. अ‍ॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी. डवरी गोसावी त्यात नाहीत. भटक्या-विमुक्तांना तसं संरक्षण द्या ही मागणी जुनी आहे आणि योग्यच आहे. पण उद्या ते मिळालं तरी राईनपाड्यात ते कामी आलं नसतं, कारण तो कायदा एससी-एसटी आरोपीला लागतच नाही. दुबळ्याने दुबळ्याला मारलं तर ते कुठल्या कलमात बसवायचं, याचं उत्तर कोर्टाकडे खुनाच्या कलमापलीकडे नाही. ते आपल्यालाच शोधावं लागणार.

आता माझं सांगते. शिक्षिका झाल्यावर दुसऱ्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीचे सहलीचे पैसे गेले. वर्गात एकच पारधी मुलगा. मी पहिलं दप्तर त्याचं उघडलं. विचार करून नाही, हात आपोआप गेला. पैसे त्या मुलीच्याच कंपासपेटीत सापडले. मुलगा काही बोलला नाही, फक्त दप्तरातली भाकरीची पुरचुंडी मी विस्कटली होती ती परत बांधत बसला. तारेच्या आत जन्मलेल्या बाईची नात मी. आमच्या घरातही ‘पारध्याचं पाल पडलंय, कोंबड्या आत घ्या’ म्हणत. त्यामुळे एकजुटीवर कोणी फार गोड बोलायला लागलं की मला ती पुरचुंडी दिसते.

तरी एक गोष्ट मला धीर देते. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर या आदिवासी जमातीतला तरुण कोठडीत मारला गेला. महाश्वेता देवी आणि सबरांची संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सीबीआय चौकशी आणि बुधनच्या बायकोला भरपाई द्यायला सांगितलं. त्याच सुमारास महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी गुजरातेत विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी गट उभा केला. बंगाली लेखिका, बडोद्यात इंग्रजी शिकवलेला मराठी प्राध्यापक आणि लातूरकडचा उचल्या जमातीतला लेखक. कुठल्या समन्वय समितीने ही तिघं एकत्र बसवली असती?

मग याच गटाच्या मदतीने अहमदाबादच्या छारानगरात वाचनालय सुरू झालं. छारा म्हणजे आमच्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद, गावाच्या नजरेत दारूवाले आणि चोर. तिथल्या पोरापोरींनी बुधनवर नाटक बसवलं आणि आपल्या नाटकमंडळीचं नावच बुधन थिएटर ठेवलं. पुरुलिया देशाच्या दुसऱ्या टोकाला. सबर जंगलातला, छारा शहरातला. भाषा, देव, ताटातलं जेवण, काही जुळत नाही. कोठडी तेवढी दोघांच्या ओळखीची. त्याच वर्षी बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याच्यावरही छारानगरच्या पोरांनी नाटक केलं, हिंदीत. बारामती आमच्यापासून दोन-तीन तासांवर, आणि त्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका गुजराती छारा मुलाच्या तोंडून. लाज वाटली.

त्या पोरांनी आधी जाहीरनामा लिहिला नाही, कोण जास्त मागास याची मोजदाद केली नाही. दुसऱ्याच्या घरातलं मढं आपल्या घरातलं म्हणून उचललं. मला आघाडी कळते ती एवढीच. त्यात जातपंचायतीने बहिष्कार टाकलेली आपलीच बाई आली पाहिजे, हेही सांगून ठेवते, नाहीतर बाहेरच्या मारावर बोलायचं आणि घरातल्यावर चूप असं होतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

राईनपाड्यानंतर चार महिन्यांनी माझ्या डी.एड.च्या वर्गमित्राचा फोन आला. तो कोकणा आदिवासी, साक्रीकडेच मास्तर आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “ताई, तुमची माणसं इकडे येणार असली तर आधी मला फोन टाका. मी पाड्यावर सांगून ठेवतो, माझे पाव्हणे आहेत म्हणून.” माझा चुलतभाऊ खराटे-टोपल्या घेऊन खानदेशात फिरतो. पहिल्यांदा तो पिंपळनेरला उतरला तेव्हा सर स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे होते. आता अशा माणसांचे अकरा नंबर आमच्याकडे आहेत, त्यात दोन डवरी गोसावी आहेत आणि एक पारधी बाई. भाऊ टोमणा मारतो, “आजीनं हजेरी दिली फौजदाराला, मी देतो मास्तरला.” त्याचं चुकत नाही. स्वतःच्या राज्यात फिरायला ओळखीचा माणूस लागावा, यात कौतुकाचं काही नाही.

मागच्या हंगामात सरांचा पुन्हा फोन आला, या वेळी त्यांच्या कामासाठी. त्यांच्या पाड्यावरची टोळी माळशिरसकडे उसाला आली होती. सोबत पोरीबाळी, आणि रात्री कोपीकडे कोणीतरी फिरकतं अशी तक्रार. मी गावातल्या दोघी बायकांना घेऊन फडावर गेले. मुकादमाने आम्हाला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही या लोकांच्या कोण?”

मी म्हटलं, पाव्हणी.