पीसीबी म्हणजे पाणीपट्टी नव्हे

सोसायटीच्या ग्रुपवर मी एकच ओळ टाकली होती. ‘येत्या रविवारी क्लबहाउसमध्ये पीसीबी डिझाइनचं वर्कशॉप, अगदी नवख्यांसाठी.’ पाच मिनिटांत सी विंगमधल्या काकूंचा मेसेज : कॅम्पातल्या आमच्या जुन्या घराची पाणीपट्टी वाढून आलीय, त्यावर बोलाल का? पुण्यात पीसीबी म्हणजे पुणे कॅन्टोन्मेंट बोर्ड, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या एकाला वाटलं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कुणीतरी येतंय. त्याला समोरच्या बेकरीचं धुराडं दाखवायचं होतं. तिसऱ्यानं विचारलं, ‘पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचं आपल्या क्लबहाउसमध्ये काय काम?’ या प्रश्नाला सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले.

मग मी ‘प्रिंटेड सर्किट बोर्ड’ असं सविस्तर लिहिलं. रिमोट उघडला की आत जी हिरवी पाटी दिसते ना, ती. त्यावर एका निवृत्त मास्तरांनी ‘मुद्रित परिपथ फलक’ अशी दुरुस्ती सुचवली आणि स्वतःचं नावही दिलं. अशी बारा नावं जमली. काकूंनीही दिलं. पाणीपट्टीची आशा त्यांनी सोडली होती असं मात्र वाटलं नाही.

दोष माझाच. कोजागिरीला गच्चीवर दुसरा पेला मसाला दूध झाल्यावर ‘एका दिवसात कुणालाही बोर्ड डिझाइन करायला शिकवतो’ असं मी बोलून गेलो होतो. आमच्या सेक्रेटरींना लिफ्टच्या दुरुस्तीची तारीख लक्षात राहत नाही, पण हे राहिलं.

वेळ १० ते ५, त्यात जेवणाचा तास. उरले सहा. मी आराखडा करायला बसलो. सुरुवात अर्थातच इतिहासानं. व्हिएन्नाच्या पॉल आयस्लरनं १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटवर चालणारा रेडिओ केला, इथून. मग बोर्ड कशाचा असतो : काचेचे धागे आणि इपॉक्सी, जाडी साधारण १.६ मिलिमीटर. वर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा. त्याला ‘एक औंस तांबं’ का म्हणतात हा तर माझा हुकमी एक्का. एक औंस तांबं एक चौरस फुटात सारखं थापलं, थालीपीठ थापतो तसं, की जेवढी जाडी येते तेवढी! पुढे ओहमचा नियम, कपॅसिटर कुठे ठेवावा, जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, किती जागा द्यावी...

बायको ऑडिटमध्ये आहे. तिनं कागद घेतला आणि उजव्या कडेला बेरीज मांडली. साडेअठरा तास.

“आयस्लरला काढ.”

“अगं, त्याच्यापासूनच तर सगळं...”

“तो येणारे का रविवारी? मग काढ.”

ओहमचा नियम पाच मिनिटांवर आला. थालीपीठ मी कसंबसं वाचवलं, तेही चहाच्या वेळेत बोलायच्या अटीवर.

सर्किट कुठलं घ्यायचं यावर तीन रात्री गेल्या. मला तापमान दाखवणारा बोर्ड करायचा होता. तिथून घसरत घसरत जिथे येतात सगळे, तिथेच आलो : ५५५ आयसी, म्हणजे ठरावीक वेळानं चालू-बंद करणारी चिप, आणि एक लुकलुकणारा एलईडी. एक १ किलोओहमचा रेझिस्टर, एक ४७ चा, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सेकंदाला साधारण दीड वेळा लुकलुक. १९७१ मध्ये रचलेला हा आयसी अजून गल्लीबोळांत चणेफुटाण्यांसारखा मिळतो, हे सांगायचा मोह झाला होता. बेरीज आठवली आणि गप्प बसलो.

सॉफ्टवेअर कीकॅड. फुकट आहे, चांगलं आहे, आणि त्याला कायकॅड म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. डाउनलोड एक जीबीच्या वर, म्हणून घरूनच टाकून या असं कळवलं. इथून खरा छळ सुरू झाला. ‘मोबाइलवर चालेल का?’ ‘एक्सेलमध्ये नाही का होत?’ एकाकडे ऑफिसचा लॅपटॉप. त्यात काही टाकायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो आयटीवाल्याकडे आणि आयटीवाला बंगळुरूला. ए विंगमधले काका, ज्यांनी उमेदीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत, त्यांनी सॉफ्टवेअरबद्दल चकार शब्द काढला नाही. ते रोज सकाळी सात वाजता एवढंच विचारायचे : “सोल्डर कधी मारायचं?”

बुधवारी बायकोवर रंगीत तालीम घेतली. सर्किटचं चित्र तिनं भराभर काढलं. मग पार्ट बोर्डावर आले आणि त्यांच्यामध्ये बारीक रेघांचं जाळं पसरलं.

“हे काय, जोडून झालं?”

“नाही, कोण कुणाला जोडायचं राहिलंय ते दाखवतंय.”

“म्हणजे येणेबाकी.”

मी या रेघांना इतकी वर्षं ‘रॅट्सनेस्ट’ म्हणतोय आणि समजावताना दर वेळी उंदराच्या घरट्यात अडकतोय. येणेबाकी! स्लाइडवर लगेच तसं लिहिलं. रेघा एकमेकींना छेदत होत्या. मी खालून तार नेण्याचं, म्हणजे व्हायाचं, प्रकरण काढणार तेवढ्यात तिनं आर दाबून कपॅसिटर फिरवला आणि अर्धा गुंता तिथेच सुटला. मी त्याच बोर्डावर दोन व्हाया घातले होते. हे तिला सांगितलं नाही.

गुरुवारी बोर्डांचं पार्सल आलं. प्रत्येकाच्या हातात घरी न्यायला काहीतरी पडावं म्हणून मी माझ्या डिझाइनचे पंधरा बोर्ड आधीच बनवायला टाकले होते. देखणं काम. हिरवेगार, पांढऱ्या अक्षरांत सोसायटीचं नाव. तापकीर गल्लीतून आणलेल्या ५५५ पैकी एक उचलला आणि बोर्डावर ठेवला. बसेना. फिरवून ठेवला. आयसीला आठ पाय. बोर्डावर त्याच्या जागी एकही भोक नाही. नुसते आठ इवलेसे चंदेरी ठिपके आणि त्यावर माझा आयसी, बालवाडीच्या खुर्चीत मुख्याध्यापक बसावेत तसा.

सर्किटच्या चित्रात ५५५ म्हणजे एक चौकोन. तो प्रत्यक्षात केवढा, हे नंतर यादीतून निवडायचं असतं. रात्री दीड वाजता मी भोकांत पाय घालायच्या मोठ्या डीआयपी-८ ऐवजी वरूनच चिकटवायचा छोटा एसओआयसी-८ निवडला होता. पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर हवं, तिथे बरोब्बर निम्मं, १.२७. कीकॅडनं बिचाऱ्यानं सगळं तपासून ‘शून्य चुका’ असा शेरा दिला होता आणि तो खराच होता. रेघा एकमेकींना चिकटल्या नव्हत्या, काही जोडायचं राहिलं नव्हतं. माझ्या खिशात कुठला आयसी आहे हे त्याला कसं कळणार?

शुक्रवारी ऑफिसातून परस्पर बुधवार पेठ गाठली. छोटा ५५५ पंधरा नग मिळाला तर निभावणार होतं. दुकानदारानं माझ्याकडून बोर्ड घेतला, माझाच मोठा आयसी त्यावर ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“शिकताय वाटतं.”

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“मग बोर्ड टाकायच्या आधी कागदावर प्रिंट काढायची. आहे त्या मापात, एकास एक. त्यावर पार्ट ठेवून बघायचा. दोन रुपयांचं काम.” खालचा डबा ओढून ते मुंगीएवढे आयसी मोजायला लागले. मोजता मोजता म्हणाले, “कुठल्या क्लासला जाता? एवढंही शिकवत नाहीत?”

“शिकवतात ना,” मी म्हणालो. “चौदाव्या स्लाइडवर आहे. लाल अक्षरांत.”