दावा फेडरल कोर्टात नेण्याविषयीचा एक लोकप्रिय सल्ला आणि त्यातील चुका

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. कोणी राज्याच्या न्यायालयात दिवाणी दावा लावला तर घाबरू नका; तुम्ही भारतीय असल्यामुळे तो केव्हाही वरच्या, म्हणजे फेडरल, कोर्टात वर्ग करून घेता येतो; त्यासाठी अर्ज करायचा, निर्णय होईपर्यंत उत्तर द्यावे लागत नाही, आणि तेथे राज्याचा कायदाही लागत नाही, असा त्याचा आशय आहे. या सल्ल्यात सत्याचा अंश आहे, पण तो चुकीच्या जागी बसवलेला आहे.

‘वरचे कोर्ट’ आणि ‘अर्ज’ या कल्पना भारतातून आलेल्या दिसतात. आपल्याकडे न्यायालयांची एकच उतरंड असून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ आणि २५ नुसार वरचे न्यायालय अर्ज ऐकून दावा वर्ग करते. अमेरिकेत राज्यांची आणि संघराज्याची न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालते, आणि ज्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा नेला जातो तेही पुरावे नोंदवणारे प्राथमिक न्यायालयच असते. परवानगी तर मागावीच लागत नाही: प्रतिवादी तेथे कारणांसह नोटीस दाखल करतो, वादीला कळवतो, तिची प्रत राज्य न्यायालयात देतो, आणि तेवढ्याने राज्य न्यायालयाचे कामकाज थांबते. हा हक्क फक्त प्रतिवादीचा आहे. वादीवर उलट दावा झाला तरी त्याला तो मिळत नाही, हे १९४१ च्या शॅमरॉक ऑइल खटल्यापासून ठरलेले आहे. प्रतिवादी अनेक असतील तर, ज्यांच्यावर समन्स बजावले गेले आहे त्या सर्वांची संमती सहसा लागते.

‘केव्हाही’ हा शब्द सर्वांत घातक आहे. पक्षकारांचे भिन्न नागरिकत्व किंवा फेडरल कायद्यावरची मागणी यांपैकी एखाद्या आधारावर दावा फेडरल कोर्टात नेण्याजोगा असेल तर समन्स व वादपत्र रीतसर बजावल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. तो नेण्याजोगा आहे हे नंतरच्या एखाद्या कागदावरून प्रथमच कळले, तर तेव्हापासून ३० दिवस मिळतात. परंतु आधार केवळ भिन्न नागरिकत्वाचा, म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या किंवा एक बाजू अमेरिकेतील राज्याची व दुसरी परदेशाची नागरिक असण्याचा, असेल तर, वादीने अप्रामाणिकपणे अडवणूक केलेली नसल्यास, दावा सुरू होऊन एक वर्ष उलटल्यावर तो मार्गही बंद होतो.

आता ‘भारतीय असल्यामुळे’ याकडे वळू, कारण खरी गुंतागुंत येथे आहे. भिन्न नागरिकत्वाच्या आधारासाठी वादातील रक्कम, व्याज व खर्च वगळून, ७५,००० डॉलरपेक्षा अधिक असावी लागते. नेमके ७५,००० पुरत नाहीत. घरदुरुस्तीच्या ठेकेदाराशी झालेला ४०,००० डॉलरचा वाद या आधारावर जाऊच शकत नाही. रक्कम पुरेशी असली तरी पुढचे उत्तर व्हिसावर अवलंबून असते. न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर राहणारा भारतीय कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिकच राहतो, म्हणून न्यू जर्सीच्या अमेरिकन नागरिकाने त्याच्यावर दावा लावला तर हा आधार उपलब्ध असतो. तोच माणूस ग्रीन कार्ड घेऊन तेथेच स्थायिक झाला की कायदा हा आधार काढून घेतो. वादीही भारतीय नागरिक असेल तर दोन्ही बाजू परदेशी ठरतात आणि आधार मुळातच उरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेऊन न्यू जर्सीत राहणाऱ्यावर तेथील राज्य न्यायालयात पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाने दावा लावला, तर नागरिकत्वे भिन्न असूनही घरच्या राज्यातील प्रतिवादीला सहसा मज्जाव आहे. सर्वांत चमत्कारिक स्थिती अमेरिकन पासपोर्ट घेऊन कायमचे पुण्याला परतलेल्यांची: ते कोणत्याही राज्याचे नागरिक नाहीत आणि परदेशीही नाहीत, म्हणून १९८९ च्या न्यूमन-ग्रीन निकालानुसार ते या आधारात बसतच नाहीत.

दुसरा आधार म्हणजे वादीची मागणीच फेडरल कायद्यातून उद्भवलेली असणे. मात्र प्रतिवादीचा बचाव फेडरल कायद्याचा आहे, एवढे कारण चालत नाही. १९०८ च्या मॉटली खटल्यात एका जोडप्याला रेल्वे अपघाताच्या तडजोडीत आजन्म मोफत पास मिळाले होते आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केलेल्या नव्या कायद्याकडे बोट दाखवून रेल्वेने ते बंद केले. तरी सर्वोच्च न्यायालयाने, कोणीही हरकत घेतली नसताना, हा दावा फेडरल कोर्टाचा नाही असे ठरवले, कारण मागणी कराराची होती आणि फेडरल कायदा फक्त रेल्वेच्या अपेक्षित बचावात येत होता. तो दावा थेट फेडरल कोर्टात लावलेला होता, पण राज्य न्यायालयातून नेलेल्या दाव्यांनाही हीच कसोटी लागते.

राज्याचा कायदा मागे राहतो हेही खरे नाही. भिन्न नागरिकत्वाच्या दाव्यात प्रक्रिया फेडरल असते, पण करार, नुकसानभरपाई, दावा लावण्याची मुदत हे सारे राज्याच्या कायद्यानेच ठरते. १९३८ च्या ईरी निकालापासून हे पक्के आहे.

उत्तराची मुदतही थांबत नाही. पूर्वी उत्तर दिलेले नसेल तर वादपत्र मिळाल्यापासून किंवा समन्स बजावल्यापासून २१ दिवस, अथवा नोटीस दाखल केल्यापासून ७ दिवस, यांतील सर्वांत उशिरा संपणारी मुदत लागू होते. ती चुकली तर एकतर्फी निकालाची वाट मोकळी होते.

शिवाय दावा परत पाठवला जाऊ शकतो. कार्यपद्धतीतील चुकीसाठी वादीने ३० दिवसांत हरकत घ्यावी लागते, पण अधिकारक्षेत्रच नसेल तर अंतिम निकालापूर्वी केव्हाही दावा माघारी जातो. जानेवारी २०२५ च्या रॉयल कॅनिन निकालानुसार वादीने नंतर दुरुस्ती करून फेडरल मागण्या वगळल्या, तरी उरलेला दावा राज्य न्यायालयातच परततो. आणि दावा नेण्यास वाजवी आधारच नव्हता असे दिसले, तर या फेऱ्यात झालेला वादीच्या वकिलाचा खर्च प्रतिवादीवर लादला जाऊ शकतो.